आमच्या कॉम्प्युटरचा आगाऊ दसरा

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
घटस्थापना, दुपार

तीर्थस्वरूप उषाताईस,

धाकट्या वनमालेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? इकडे सगळं ठीक, यांचं बीपी सोडून, आणि ते का चढलं तेच सांगायला बसले आहे. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं घालतेस, म्हणून पत्र.

ताई, पुष्करच्या लेकीचं आज बारसं झालं! पोर टोरोंटोत, आणि नाव कानात सांगणारी आत्या, म्हणजे आपली अपर्णा, इथे. तेव्हा सगळं कॉम्प्युटरवरून. (अपर्णाचा मोबाइल काल धुण्याच्या बादलीत पडला, तो तांदळाच्या डब्यात निजलाय. आमचे दोघांचे बटणांचे.)

आता हा कॉम्प्युटर. पुष्कर मागे आला तेव्हा त्यात निराळीच सिस्टिम घालून गेला. ती कुठल्या कंपनीची नाही. जगभरचे लोक घरी बसून फुकटात सांभाळतात, आपल्या भजनी मंडळासारखं. (पेटी कुणाची, टाळ कुणाचे, चहा आळीपाळीनं.) ते लोक अधूनमधून नवं सामान पाठवतात, ते उतरवून घ्यायचं, त्याला अपडेट म्हणतात. पुष्करनं बजावलं होतं, आई, अपडेट घे, नाहीतर बोलायचा प्रोग्राम उघडणार नाही. पण नेमका पितृपक्ष! पितृपक्षात मी घरात नवी केरसुणी आणत नाही, तर हे एवढं सामान? मी एक तोड काढली (ती पुढे सांगते) आणि बटण दाबलं. पट्टी जराशी सरकली आणि लाल अक्षरं. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. रोज तेच. म्हटलं, सासूबाईंना कॉम्प्युटर पसंत नसावा. कावळ्याला एक वडा जास्त ठेवला, तरी लाल.

यांनी नेटवाल्याला बोलावून झापलं. तो वायरी हलवून म्हणाला, "बाबूजी, लाइन तो चकाचक है, गड़बड़ आपके डिब्बे में है." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आज सकाळी गल्लीतल्या बायका जमलेल्या, लीलाताई शेजारीण सगळ्यांत पुढची खुर्ची अडवून. मुहूर्त नऊपर्यंतच. प्रोग्राम म्हणे, आधी अपडेट. अपडेट म्हणे, नाही. लीलाताई म्हणते, "नाव पोस्टानं पाठवा की!" मला हसू येईना गं. आत्या जिवंत, नटून समोर बसलेली, आणि पोरीच्या कानात नाव दुसरंच कुणी सांगणार? सुनेची आई तिथेच आहे, आणि ती कधीचीच पदर खोचून तयार!

शेवटी अपर्णानं त्या फुकट सांभाळणाऱ्यांच्या चावडीवर (अशी चावडी कॉम्प्युटरात असते) लाल अक्षरं जशीच्या तशी लिहिली. कुठल्याशा देशातून एकानं विचारलं, तुमच्या कॉम्प्युटरवर आज तारीख काय? अपर्णानं कोपऱ्यात पाहिलं आणि किंचाळली, "आई! यात दसरा होऊन गेलाय!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

तीच माझी तोड. कॉम्प्युटरची तारीखच मी दसऱ्यापुढे नेऊन ठेवली होती, म्हणजे त्याला वाटेल पितृपक्ष सरला. त्याला वाटलंही! पण तिकडून येणाऱ्या सामानावर मुदत असते म्हणे, दुधाच्या पिशवीवर असते तशी. आमचा शहाणा ताजं सामान नासलेलं समजून परत धाडत होता.

तारीख आजची केली. पट्टी सरसर निघाली आणि शेवटच्या टोकाला येऊन थांबली. लीलाताईसुद्धा खुर्ची सोडून उभी राहिली. घड्याळ नऊकडे चाललेलं, आणि एकदम पुष्करचं तोंड दिसलं! अपर्णा पडद्याला नाक टेकून "मधुवंती" म्हणाली, आणि पोरीनं जांभई दिली. ताई, हुबेहूब आपल्या आईची जांभई!

घुगऱ्या खायला तू हवी होतीस.

तुझी
वनमाला

ता. क. : तारखेचं यांना ठाऊक नाही, ते तेव्हा देवघरात घट मांडत होते. नेटवाल्यावरचा राग अजून ताजा आहे, तो तसाच राहू दे.

ता. क. दुसरा : खरं काम हे. शेवटी पुष्कर म्हणाला, "आई, आता झोपतो." म्हटलं, सकाळी कसली झोप? तर तिथे अजून कालचीच रात्र! म्हणजे सर्वपित्री अमावास्या! भावजींना पंचांगातलं कळतं. त्यांना विचार, बारशाला दिवस कुणाचा धरायचा, आत्याच्या तोंडाचा की बाळाच्या कानाचा? तोंडाचा म्हणाले तर लगेच कळव. कानाचा म्हणाले, तर त्यांना सांग, वनमालेनं काही विचारलंच नव्हतं.