गुरुवारी बंद होणारं मशीन

सर, तुम्ही बसवलेला तो तपासणीचा कॉम्प्युटर मी उघडला. रागात लिहितोय, आधीच सांगतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात मी कुठंच टिकलो नाही. गोव्यात एका हॉटेलचं वायफाय सांभाळलं, हुबळीला मोबाईल दुरुस्त केले, एका ट्रकवाल्याबरोबर इंदूरपर्यंत जाऊन आलो, त्याच्या गाडीचा टेप असा भारी होता की... ते असू द्या. परवा फिरत फिरत महाळुंग्याला आलो तर आपल्या कंपनीच्या मालकांनी गेटवरच धरलं. "तू सरांचा चेला ना रे? ये आत. त्यांचं मशीन रुसलंय."

रुसलंय म्हणजे काय, तर रबरी सील कॅमेऱ्याखालून जातात आणि मध्येच तपासणीचा प्रोग्रॅम आपोआप बंद पडतो. दोष कुणाला? खुर्चीवरच्या ताईंना. लातूरकडच्या, कुरुळीत खोली घेऊन राहतात, कमरेचं ऑपरेशन झालंय म्हणून बसून करायचं काम मिळालेलं. मोबाईल जोडून गाणी बघत असणार, असं म्हणून त्यांना पॅकिंगला उभं केलं. दिवसभर खोकी उचलायची. मला म्हणाल्या, "दादा, म्या माऊसशिवाय कशाला हात लावला न्हाई बघा. तुमच्या सरांची शप्पथ घेऊ का?" म्हटलं, नका घेऊ.

लिनक्स तुम्हीच घातलेलं. मेमरी भरलेली दिसते, पण चालू प्रोग्रॅम एकेक करून बघितले तर ती कुणाकडेच नाही. मग कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यानेच, किती धरून ठेवलीय ते बघितलं. आकडा नुसता चढत होता, उतरायचं नाव नाही. कॅमेरा काढला, थांबला. परत लावून सील मुद्दाम तिरकं सरकवलं, फोटो फसला, आकडा चढला. तुम्ही लिहिलेला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा छोटा प्रोग्रॅम, सर. फोटो नीट आला की घेतलेली जागा परत देतो, फोटो फसला की जागा धरूनच मागं फिरतो. असं होत होत मेमरी संपते, आणि मग कर्नल सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम मारून टाकतो. मरत होता तपासणीचा. त्याचा काही गुन्हा नव्हता. मग इतकी वर्षं चाललं कसं? गुरुवारमुळं. आपल्या पट्ट्यात गुरुवारी लाइट नाही, म्हणून कंपनी बंद, मशीन बंद, मेमरी कोरी. आता मालकांनी जनरेटर घेतलाय, गुरुवारीही ओव्हरटाइम, मशीन बंदच होत नाही.

आणि मला तो दिवस आठवला. मी तुमच्या स्टुलाला टेकून उभा आहे, हातात अर्धा वडापाव. विचारतो, सर, हा आकडा रोज वाढतोच कसा? तुम्ही वळूनही बघत नाही. "गुरुवारी लाइट जाते ना? मग झालं तर. नको तिथं डोकं घालतो, म्हणून दहावीला गचकलास." सगळे हसले. मीही हसलो. तुम्हाला माहीत होतं, सर. एका ओळीचं काम होतं आणि तुम्ही चहाला निघून गेलात. पुढं कितीतरी ठिकाणी मी प्रश्न तोंडात धरून गप्प बसलो, तो त्या हसण्यामुळं.

जागा परत देणारी ती ओळ मी घातली. तिरके सील टाकत बसलो, आकडा हलला नाही. मग मालकांना आणि ताईंना बोलावून जुना ड्रायव्हर आणि नवा, दोन्ही चालवून दाखवले. भिंतीवर हार घातलेला तुमचा फोटो आहे, त्याच्याकडं बघत मालक म्हणाले, "गेलेल्या माणसाचं उणं काढतो व्हय रे?" मी म्हणालो, "माणूस गेला, चूक कुठं गेलीय? ती या बाईंच्या कमरेवर बसलीय." मालकांनी स्क्रीनवरचे दोन्ही आकडे परत एकदा बघितले. मग मालक ताईंना म्हणाले, "जा, बसा तुमच्या खुर्चीवर." माफी वगैरे काही नाही. ताईंनी खुर्ची पुसली आणि बसल्या.

धीट झालास, असं मालक नंतर मला म्हणाले. कसला धीट. तुम्ही असता आणि चष्म्यावरून नुसतं "काय रे?" म्हणाला असता, तर मी मशीन रोज एकदा आपोआप बंद-चालू होईल असं लावून गुपचूप सटकलो असतो. दोष माथ्यावर घेऊन ताई पॅकिंगलाच राहिल्या असत्या. वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच हे एवढं तरी लिहिता आलं.