सोललेली कोळंबी

ती. सौ. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून घरातच मुक्काम ठोकून आहे? आम्ही ठीक. म्हणजे घासलेल्या भांड्यांसारखे, वरवर लखलखीत.

चिमणी नोकरीच्या गावाहून अचानक दोन बॅगा घेऊन घरी आली, हे तुला कळवलंच होतं. का आली, ते अजून सांगत नाही. "काही नाही गं आई," एवढंच, आणि खोलीचं दार बंद. म्हणून काल ठरवलं, तिच्या आवडीची लसूण-लोण्यातली कोळंबी करायची, तीही झटपट, म्हणजे शेगडीपाशी वेळ न जाता निवांत बोलता येईल. दुकानातून सोललेली, काळा दोरा काढलेली, दगडासारखी गोठलेली कोळंबी आणली. आपल्या मासेवालीची नजर चुकवून निघाले होते, पण मागून हाक आलीच, "काय बाई, हात दुखतात का हल्ली?" मी चक्क हो म्हणाले.

कढईत लोणी आणि लसूण टाकला, आणि कोळंबी अजून पाकिटात एकमेकींना मिठी मारून बसलेली! (आपल्या सासरच्यांत एवढी एकी असती तर?) नळाखाली धरून तिची समजूत काढेपर्यंत लसणाचा कोळसा झाला. पुन्हा लोणी, पुन्हा लसूण. या खेपेला मात्र सगळं सुरळीत झालं, आणि तिथेच चुकलं. कोळंबी गुलाबी झाली, लिंबू पिळलं, संपलं. चिमणी ओट्यापाशी येऊन म्हणाली, "मी काय करू?" तर तिच्यासाठी कामच उरलं नव्हतं. मी म्हणाले, "काही नाही गं, बस तू." तिचंच वाक्य तिला परत केलं बघ. मग टेबलाशी समोरासमोर बसलो. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "छान झालीय." ताट उचललं, दार बंद.

ताई, आपण दोघी पेपर पसरून कोळंबी सोलायचो, आठवतं? ठरलेलं लग्न तुला मोडायचं आहे, हे तू मला टरफलांच्या ढिगाकडे बघतच सांगितलंस. (भावोजींना कळव, ते स्थळ त्यांच्या आधीचं.) हात बरबटलेले असले की डोळे पुसता येत नाहीत, उठून दार लावता येत नाही. नुसतं बोलता येतं. आणि मी ते सगळं दुकानदाराकडून सोलून आणलं.

तुझी,
धाकटी

ता.क. रविवारी नक्की ये. मासेवालीकडे भरपूर कोळंबी सांगून ठेवली आहे, टरफलासकट. (हात बरे झाले म्हणून तिलाही कळवलं.)

ता.क. आणखी एक. चिमणी तुझ्याशी फोनवर बोलते, मला ठाऊक आहे. तुला सांगितलं असेल, तर मला सांगू नकोस. फक्त आपण तिघी सोलायला बसलो की कुणाचा तरी फोन आल्याचं निमित्त कर आणि उठून जा. परत यायची घाई करू नकोस.