मानेवरची पांढरी रेघ

सोमवार, सकाळ

मास्तर,

नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट. तुम्हीही असणारच. असायलाच हवं, कारण मी तुमच्यावर चिडलोय, आणि आजारी माणसावर नीट चिडता येत नाही.

तुमची खिडकी माझ्या खिडकीसमोर, मधे एवढीशी गल्ली, आणि मी कागद काळा करतोय. हसू नका. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं, उरलेलं तुम्ही मनाने लावता. खिडकीतून ओरडलो तर सगळी गल्ली कान टवकारते. म्हणून हे दूधवाल्याकडे देतोय. तो खालून तुमच्या बादलीत टाकेल, वहिनी दोर ओढतील. आधी दूध तापवा, मग वाचा.

आमच्याकडची हकिकत म्हणजे, साथ आल्यापासून दुकानाला कुलूप. म्हाताऱ्यांनी घरात बसा, रोज तेच ऐकतोय. बसलोय. सून दिसेल त्याला साबण लावते. परवा माझा चष्मा धुतला, काल काठी. मी हललो नसतो तर मलाही दोरीवर वाळत घातलं असतं. सकाळ-संध्याकाळ बोटाला चिमटा लावून आकडा बघतात. मी म्हटलं, दम्याचा माणूस आहे, श्वास संपला की मला आधी कळेल, चिमट्याला नंतर. तर ती रडली. तेव्हापासून गुपचूप बोट पुढे करतो.

हात मात्र घरात बसत नाहीत. कात्र्या काढतो, तेल देतो, परत फडक्यात गुंडाळतो. मुलगा म्हणतो, बाबा, गंजणार नाहीत, राहू दे. त्याला काय कळतंय कोण गंजतंय.

आता मुद्द्याचं.

गुरुवारी दुपारी तुम्ही खिडकीत पाठमोरे उभे होता. केस कापलेले. मानेवर पावडरीची पांढरी रेघ.

तुम्हाला वाटलं असेल, याच्या डोळ्यात मोतीबिंदू, याला काय दिसणार. मला दुसरं काही दिसत नाही मास्तर, तुमचं डोकं दिसतं. तुमच्या लग्नाच्या सकाळी मी ते पहिल्यांदा हातात घेतलं. काळं होतं, मग करडं झालं, आता पांढरं. त्यावर दोन भोवरे, एक इकडे फिरतो, एक तिकडे, आणि मधला झुपका कोणाच्या बापाला बसत नाही. तो मी ओला करून दोन बोटांत धरतो, तेव्हा कुठे ऐकतो. दोन भोवरेवाल्याला दोन बायका होतात म्हणतात. तुम्ही दुकानातून उशिरा घरी गेलात की वहिनी म्हणायच्या, बसले होते सवतीकडे.

मग आला कोण होता? कोपऱ्यावरचा मशीनवालाच ना? प्लास्टिकचा झगा घालून घरोघर फिरतो, छत्रीच्या खोळीत माणूस कोंबल्यासारखा. आमच्या वरच्या मजल्यावरचे बँकवाले त्याचं कौतुक करत होते, हात किती हलका म्हणून. हलका असणारच. काम वीज करते, हा नुसता धरून उभा. आणि तुमचा झुपका तसाच ताठ ठेवून गेलाय तो, तेवढं मी पाहून घेतलं. जमलं नाही, दिला सोडून.

मी तुम्हाला सांगितलं होतं, साथ ओसरली की पहिली खुर्ची तुमची. तुम्ही म्हणालात, कारागीर, तोवर वेणी घालीन. वेणी राहिली, चार केस कानावर आले नाहीत तर दुसऱ्यापुढे मान वाकवलीत.

माझ्या सदऱ्याची कॉलर उसवलीय. सून म्हणाली, शेजारच्या बाई शिवून देतील. मी म्हटलं, उसवलेलीच घालीन, माझा शिंपी समोर राहतो. घालतोय.

गुरुवारी संध्याकाळपासून तुमची खिडकी बंद आहे. लाजलात असं धरून चालतो. मीही माझी लावून घेतलीय आणि तुमच्याकडे बघायचं सोडलंय. काल दिवसभर तुमचा पडदा एकदाही हलला नाही.

बाकी काही लिहू नका. कोणी कापले तेवढंच लिहा.

कारागीर


बुधवार

मास्तर,

तुमच्या नावाचं पत्र वहिनींनी फोडलं. वाचलं, खिडकी उघडली, आणि मला जे बोलल्या ते गल्लीने ऐकलं. बँकवाल्यांनीही.

तुम्हाला गुरुवारीच साथीच्या वॉर्डात नेलं. गाडी पुढच्या रस्त्याला आली, मागच्या बाजूला मला काय कळणार. मुलाला, सुनेला ठाऊक होतं. माझ्या जिवाला लागेल म्हणून लपवलं. मी सहा दिवस तुमच्यावर जळत बसलो आणि ही दोघं मला मुगाचं पाणी पाजत होती.

वहिनी म्हणाल्या, तुमच्या तपासणीचा रिपोर्ट आला, गाडी संध्याकाळी यायची होती. तुम्ही म्हणालात, अनोळखी माणसं उचलणार, ठेवणार, त्यांच्यापुढे झिपऱ्या घेऊन जायचं नाही. वहिनी म्हणाल्या, भावोजींना हाक मारू का? त्यावर तुम्ही म्हणालात, "नको. दम्याचा माणूस आहे. हाक मारली तर तो येईल."

आलो असतो. ते खरं आहे.

मग वहिनींनी तुम्हाला शिलाईच्या स्टुलावर बसवलं, मानेवर पट्टी धरली, तुमच्या खडूने रेघ मारली आणि कापडाच्या कात्रीने त्या रेघेवरून कापत गेल्या. खडू होता तो. मला पावडर दिसली. शिंप्याच्या घरात खडूच असणार, हे न्हाव्याला कुठून सुचावं.

कापडाच्या कात्रीने केस कापतात का मास्तर? धार जाते. आणि रेघ सरळ आलीय. हे मला आवडलेलं नाही. दुसरा कोणी असता तर बघून घेतलं असतं, वहिनींपुढे आपलं काही चालत नाही. त्यांचा मान पहिला.

मी तरी विचारलं, झुपका का सोडला, भीती वाटली होय? वहिनी खिडकीत पुढे झुकल्या. घरात एकट्या आहेत, त्यांनाही कोंडून ठेवलंय. मग म्हणाल्या, "मी कात्री लावत होते. यांनी माझा हात धरला. म्हणाले, तो कारागिराचा."

यावर मी खिडकी लावून घेतली. कारण विचारू नका.

वहिनी तुमचे धुतलेले सदरे पाठवतायत, दूधवाला वॉर्डाच्या दारात देईल. त्याच पिशवीत हे पत्र आणि माझा उसवलेला सदरा. सुई वगैरे तिथे मागू नका. नुसता उशाशी ठेवा. काम अंगावर आहे, एवढं लक्षात राहू दे.

नाकाला नळी आहे, तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून नर्सबाईंना: बाई, हे यांच्या डाव्या कानाशी वाचा, उजवा कामाचा नाही. आणि तिथे कोणी मशीन घेऊन केस कापायला आला तर त्याला सांगा, या डोक्याचा माणूस ठरलेला आहे. उशीवर झुपका उभा राहत असेल. राहू दे. पाणी लावून बसवू नका.

मास्तर, तो झुपका घेऊन घरी या.

कात्रीला तेल देऊन बसलेली,
वहिनींची सवत