दातांत धरलेला पेचकस

अप्पा, मला ऐकू कमी यायला लागलंय. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही जिवंत असतानाही नाही, कारण आपण दोघं दिवसभर एकाच मोटारसायकलच्या दोन बाजूंना बसलेलो असायचो, पत्र लागतंय कशाला. पण ही गोष्ट तुम्हाला सोडून कुणाला सांगावी ते कळेना. आधी वाटलं, कानात राख बसली असेल. परळीत कशाचंही खापर थर्मल वीजकेंद्राच्या राखेवर फोडायची आपल्याला सवयच आहे. मग एका गिऱ्हाइकानं ब्रेक आवळायला सांगितला आणि मी त्याला क्लच आवळून दिला. तो पुन्हा आलाच नाही. तुमचे जावई म्हणाले, "तू आता पक्की बापावर गेलीस. माणूस बोलतंय अन् तुझं लक्षच न्हाई." त्या माणसाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, आपण किती खरं बोललो ते.

शेवटी अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी दोन दात्यांचा एक लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानासमोर धरला. काही नाही. तुमच्या दुकानाला शटर ओढल्यावर असते तशी शांतता. मग त्यांनी त्याच काट्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला, आणि अगं बाई, सगळं डोकं घुमायला लागलं! त्या म्हणाल्या, कानातलं एक बारीक हाड आखडलंय, हवेतून आलेला आवाज आत पोचत नाही, हाडातून मात्र नीट पोचतो. घरात आणखी कुणाला असं होतं का? मी लगेच म्हटलं, "न्हाई ओ, आमच्यात कुणालाच न्हाई." बोलता बोलता तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आलात. गाडीवर वाकलेले, डोळे मिटलेले, लांब पेचकसाचं टोक इंजिनच्या झाकणावर टेकवलेलं आणि त्याची लाकडी मूठ दातांत. मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, "होतं. माझ्या बापाला होतं."

सगळे मिस्त्री पेचकसाची मूठ कानाला लावतात, अप्पा. तुम्ही एकटे दातांत धरायचात. लोक हसायचे, "मिस्त्री इंजिन खायला लागला बघा" म्हणायचे, आणि आम्हाला वाटायचं ही तुमची ऐट आहे. पुण्या-मुंबईत फिरून आलेल्या जुन्या दांडग्या गाड्या, दोन सिलिंडरच्या, चार सिलिंडरच्या, लोक टेम्पोत घालून तुमच्याकडं आणायचे. तुम्ही एकेका वॉल्व्हवर पेचकस टेकवायचात आणि हळू आवाजात सांगायचात, कुठला सैल आहे, कुठला आवळलाय. एकदाही चुकलेलं मला आठवत नाही. तुम्ही इतकं हळू बोलायचात की तुम्हाला ऐकू येत नसेल अशी शंका कुणाला यायचं कारणच नव्हतं. बहिरा माणूस ओरडून बोलतो अशीच सगळ्यांची समजूत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारात माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. मी बसमध्ये बसून रडले. दुःखानं नाही हो. तुम्ही काय काय करून दाखवलंत ते एकेक उलगडत गेलं आणि मला ते पेलवेना.

तो रुमालच घ्या. राखेमुळं आपल्याकडं येणारा प्रत्येक जण तोंडाला रुमाल बांधून यायचा आणि तुम्ही आधी त्याला झापायचात, "रुमाल काढ बे. माझ्या दुकानात उघड्या तोंडानं बोलायचं." एकदा दिंद्रुडच्या एका बड्या असामीलाही तुम्ही तसंच सुनावलंत, तेव्हा मी शरमेनं एका गाडीमागं लपले होते. लोक म्हणायचे, मिस्त्रीला लई गुर्मी हाय. गुर्मी कसली, तुम्ही ओठ वाचत होतात.

बसमधून उतरून तशीच माहेरी गेले तर आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "आई, अप्पांना ऐकू येत नव्हतं ना?" तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "तुला आज कळलं व्हय?"

"मग सांगितलं कावून न्हाई कुणाला?"

"कुणाला सांगायचं? भैऱ्या मिस्त्रीकडं गाडी लावली असती का कुणी? लग्न झालं तवाच त्यांचा एक कान गेलता. दुसरा तू पाळण्यात असताना गेला." मग ती हसली. "म्हणून तर मी इंजिन चालू असताना यायचे दुकानात. तिथं सगळेच वरडून बोलतात, माझं वरडणं कुणाच्या ध्यानात येत नव्हतं." म्हणजे अप्पा, माझं स्थळसुद्धा तुम्ही दोघांनी कुठल्यातरी बुलेटच्या धडधडीत पसंत केलंत! आणि मी आपली समजत होते की आईला डिझेल-पेट्रोलचा वास आवडतो.

तुम्ही मला जे शिकवलंत त्यातलं काहीच कानाचं नव्हतं, हेही आता लक्षात येतंय. वॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यात अगदी बारीक फट लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं; फट असली की थोडी टिकटिक होतेच, पण फटच नसली तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. त्या फटीत पातळ पत्ती घालून बघायची, हे कुणीही सांगेल. पण पत्ती किती अडकली पाहिजे हे तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. माहेरी आले होते, कणीक मळत होते, आणि तुम्हाला परातीत माझा केस दिसला. आधी खेकसलात, "डोकं बांधून मळावं माणसानं." मग खालीच बसलात. "थांब, काढू नगं तसा. हळू ओढ. येतोय का? येतोय, पण कणीक त्याला सोडंना. पत्ती अशी ओढली गेली पाहिजे." आई लाटणं घेऊन उभी, आणि तुम्ही माझ्याकडून तो केस पुन्हा कणकेत दाबून पुन्हा ओढून घेताय. ती सगळी कणीक शेवटी गाईला घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन रांजणासारखं गार असताना, तुम्ही माझ्या हातात पत्ती दिलीत. मी ओढली आणि मला कणीकच लागली बोटांना.

आता कालपरवाचं सांगते. पाटोद्याकडच्या एका बागाईतदारानं चार सिलिंडरची जुनी जपानी गाडी आणली. तिचे वॉल्व्ह टिकटिक करतात म्हणून त्यानं कुणाकडून तरी सगळे आवळून घेतले होते. आपल्याकडं हेच. आवाज बंद म्हणजे गाडी दुरुस्त. आता गाडी गप्प होती, पण लवकर सुरू होईना आणि चढाला दम तुटायचा. तो तोंडाला रुमाल बांधून हे सगळं सांगत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. जिभेवर तुमचंच वाक्य आलं होतं. पण मी म्हटलं, "दादा, रुमाल काढून बोला. मला ऐकू कमी येतं." अप्पा, तुम्ही जन्मभर जे झाकलंत ते मी असं भर दुकानात बोलून टाकलं. त्यानं रुमाल काढला, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग ताई, इंजिन कसं ऐकणार तुमी?" मी म्हटलं, "सकाळी या, दाखवते. न्हाई पटलं तर खुशाल दुसरीकडं न्या." तो गाडी घेऊन गेला असता तर आठ दिवसांत सगळ्या परळीला कळलं असतं, की मिस्त्रीची पोरगी भैरी झाली.

पहाटे राख पुसून काढली, झाकणं उघडली, आठही वॉल्व्हच्या फटी पत्तीनं लावल्या, नट आवळले. तो आला. इंजिन सुरू केलं तर एका झटक्यात पेटलं, काय आवाज होता म्हणून सांगू, पायाखालच्या फरशीतून अंगात चढला. तो खूश. "मस्त वाजतीय की ताई, जाऊ का घेऊन?" मी तुमचा पेचकस काढला. इतकी वर्षं खिळ्याला टांगलेला होता. साबणानं घासून ठेवला होता, नाहीतर तुमचं काय काय तोंडात गेलं असतं देव जाणे. मूठ दातांत धरली, टोक पहिल्या झाकणावर टेकवलं, आणि अप्पा, मी तिथंच थबकले. सगळं इंजिन माझ्या कवटीत आलं. साखळी वेगळी, पिस्टन वेगळा, आणि त्या सगळ्यांतून वॉल्व्हची बारीक टिकटिक, डोक्याच्या मधोमध. माझे कान चांगले होते तेव्हासुद्धा मी इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. तुम्ही रोज हे ऐकत होतात? आणि वर आम्हीच तुमची कीव करायचो, की म्हाताऱ्याला ना गाण्याची आवड ना भजनाची.

एकेक झाकण करत गेले. तिसऱ्या सिलिंडरच्या धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हवर टिकटिक नव्हती. तुम्ही म्हणायचात, "वाजणाऱ्याचं काय न्हाई, गप बसलेला हाय त्याला बघ. त्यो आतल्या आत जळतोय." मी गाडी बंद केली. म्हटलं, "आज मिळणार न्हाई. गार होऊ द्या." तो वैतागला, पण दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर. त्याच्यासमोर ते झाकण काढलं आणि पत्ती त्याच्याच हातात दिली. पत्ती आत शिरेना. मी नट आवळताना फट ठरवणारा स्क्रू त्याच्यासोबत फिरला होता, तुम्ही शंभरदा बजावलं होतंत तसाच. त्यानं पत्ती उलटीपालटी करून पुन्हा घालून बघितली. मग म्हणाला, "ताई, माझ्या भावाची बी एक जुनी गाडी हाय. आणू का?"

कानाचं ऑपरेशन होतं म्हणतात, मी करून घेणार आहे. नातीचं बोलणं ऐकायचंय मला. तरी पेचकस खिळ्याला परत टांगणार नाही, हाताशी खणात ठेवणार. त्याच्या मुठीवर तुमच्या दातांचे खड्डे पडलेत, मला वाटायचं उंदरानं कुरतडलंय. हे पत्र तर कुठं टाकणार, घडी करून पेचकसाच्याच खणात ठेवते. एकच सांगायचं राहिलं. तो वॉल्व्ह नीट लावल्यावर गाडी पुन्हा सुरू केली, आठही जण टिकटिक करत होते, काम झालं होतं. पाटोद्याचा माणूस गाडी घेऊन गेला, आवाज लांब गेला, आणि मी तशीच उभी होते, मूठ दातांत धरून. माझे दात तुमच्या खड्ड्यांत बरोबर बसले होते अप्पा, आणि मला तो पेचकस तोंडातून काढवेना.