उपाशी राहिलेली वाकळ

हे लिहायला उशीर झाला, त्याबद्दल घरच्यांनी माफ करावे. दोनदा कागद आणला आणि दोन्ही वेळा कुठे ठेवला ते विसरलो.

मी कोंडीबा दादू शिंदे, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, राहणार सोलापूर. नवी पेठेत कापडाच्या दुकानात बेचाळीस वर्षे काम केले. पूर्ण शुद्धीवर आहे, बीपीची गोळी घेऊन लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही; असता तर केव्हाच लिहून झाले असते.

१. राहते घर मुलगा अभिमन्यू याला. पावसाळ्याआधी पन्हळ साफ करावी. मी नसलो तरी करावी.

२. माझी कापड कापायची कात्री सूनबाई वैजयंती हिला. तिने त्या कात्रीने कोथिंबीर कापणे आजपासून बंद करावे.

३. शेजारी सिद्धप्पाने चार वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यालाच देणार होतो. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देऊ नये. सिद्धप्पा साक्षीदार आहे. तेव्हा शिडी परत यावी.

४. वाकळ नात वैष्णवीला. दुकानातल्या चिंध्या मी पिशवीतून आणायचो आणि माझी बायको वच्छला त्यांच्या वाकळा शिवायची. ही तिची शेवटची. वैष्णवी चित्रकला शिकली. तिने ती पुण्याला प्रदर्शनात भिंतीवर टांगली. मी विचारले, "अगं, भिंतीला थंडी वाजती का?"

"आजोबा, हे चित्रच हाय की. आजीनं सुईनं काढलेलं."

तेवढ्यात एक बाई डाव्या कोपऱ्यापाशी थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "या वाकड्या टाक्यांत केवढी वेदना आहे."

आता कबूल करतो. तो कोपरा वच्छला गेल्यावर मी शिवला. वेदना होती, पण टाके वाकडे आले ते चष्म्याची काडी मोडल्यामुळे.

खरी चूक वेगळीच आहे. वाकळेचे तोंड बंद करण्याआधी आमच्यात आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वच्छला म्हणायची, "उपाशी वाकळंला ऊब येत न्हाय." मी तुकडा ठेवायचा विसरलो. दोन वर्षे वाकळ उपाशी आहे आणि लोक तिचे कौतुक करत आहेत.

पुढच्या महिन्यात ती दिल्लीच्या संग्रहालयात जाऊन काचेत बंद होणार. म्हणून अट अशी, की त्याआधी वैष्णवीने तो कोपरा चार बोटे उसवावा, कडक भाकरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे कीड लागणार नाही, आणि पुन्हा शिवावा. टाके वाकडेच घालावेत. त्या बाई परत आल्या तर त्यांची निराशा नको. पाटीवर नाव वच्छलाचेच राहावे. माझे खाली बारीक अक्षरात, चालत असेल तर.

सही: कोंडीबा दादू शिंदे
साक्षीदार: १. सिद्धप्पा बिराजदार (शिडी उद्या आणतो म्हणाला) २. चनबसप्पा पाटील
ठिकाण: सोलापूर. दिनांक: ११ जानेवारी २०२५

वैष्णवी, हे मी असतानाच वाच. तुकडा आत गेला की लगेच फोन कर. तोवर मला इथे घास गोड लागत नाही.