सांत आंतोनचा ड्रायर

कुंतलगुड्डे,
२ मे

प्रिय तिल्डाबाय,

आज दुपारी पप्पांची काळी छत्री उघडली आणि एकदम आपण दोघी आठवलो. तू दहा वर्षांची, मी सात. एप्रिलची सुट्टी, विहिरीचा कठडा, समोर केवड्याच्या चटयांवर मायीने घातलेले फणसाचे पापड, आणि कावळे हाकायला आपल्या हातात एकेक काठी. मध्ये ही छत्री रोवलेली, कावळे काळ्या रंगाला घाबरतात म्हणून. (ते घाबरत नसत. ते छत्रीवरच येऊन बसत.) तू संतांच्या गोष्टी मोठ्याने वाचत होतीस आणि मी राखण करत होते. संध्याकाळी मायीने पापड मोजले तर अकरा कमी. "डोळा लागला माझा, मायी. कावळ्यांनी नेले," असं तू सांगितलंस, आणि शिक्षा म्हणून सगळी रोझरी हात पसरून गुडघ्यांवर काढलीस. मी तुझ्या मागे उभी राहून फार मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणत होते. तू विसरली असशील, पण तुझ्या गुडघ्याला कदाचित आठवत असेल. तो कसा आहे? लिगोरीभावोजींचा रक्तदाब कसा आहे? नवव्या मजल्यावर वारा चांगला लागतो असं मोंतीनच्या सुनेकडून कळलं. देव तुम्हां दोघांना आणि तुमच्या लिफ्टला सुखरूप ठेवो.

सहा वर्षांत नाताळच्या कार्डावर नुसती सही करण्यापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, तेव्हा एवढं जाड पाकीट पाहून कोण गेलं म्हणून घाबरू नकोस. सगळे आहेत. सिस्टर लिओकाडिया आपल्याला पत्र लिहायला शिकवायच्या ते आठवतं ना? आधी प्रकृती, मग हवामान, मग हकिकत. आणि आपली गरज पहिल्या पानावर लिहिणारी मुलगी म्हणजे वाढण्याआधीच ताटावर बसणारी मुलगी. त्यांचा मान ठेवून प्रकृती झाली, आता हवामान. हवामान वाईट आहे. सगळी हकिकत त्यामुळेच आहे.

हल्ली एप्रिलमध्येच सरी येतात, ऐन पापडांच्या दिवसांत. गेल्या वर्षी आम्ही पाच जणींनी मिळून घातलेल्या पापडांना हिरवी लव आली. जलजक्का (आपल्या कुंपणापलीकडची, तुला चिंचा द्यायची, मला नाही) ते पापड ओच्यात घेऊन रडली, कारण तिच्या घरात त्यांच्यावरच पावसाळा निघतो. तेव्हा आमच्यातल्याच मोंतीनने बातमी आणली की, उन्हावर चालणारी वाळवणाची पेटी घेतली तर निम्मा खर्च सरकार देतं. मात्र आधी पेटी बसवायची, मग साहेब येऊन ती चालते की नाही बघणार, आणि मगच अनुदान. साहेबांनी नाही म्हटलं तर दुकानदार पेटी उचलून नेणार. ती पेटी आली आहे, साहेब येऊन गेले आहेत, आणि आता ती राहते की जाते हे एका कागदावर अडलंय. कागदाचं मागाहून सांगते.

अर्ज सात पानांचा होता. त्यात एक प्रश्न असा की, जागेवर सकाळी नऊ ते दुपारी चार सावली पडते काय? बाय, आपल्या परड्यात सावली पडत नाही अशी जागा शोधायची म्हणजे मोंतीनच्या तोंडून न निघालेली बातमी शोधण्यासारखं आहे. माड, पोफळी, आणि तो फणस, ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तोच सगळ्यांत मोठा अडथळा! आम्ही पाच जणी दिवसभर हातात खडू घेऊन उन्हाच्या मागे फिरलो. शेवटी एकच तुकडा सापडला, फाटकाशेजारचा, रस्त्याला लागून असलेला. (कुठला ते तुला कळलं असेल. पुढे वाच.)

पेटी म्हणजे चार पायांवर उभं कपाट, वर तिरपी काच, आत जाळीचे ट्रे, बाजूंना हवा जायला भोकं. रंग निळा. नवीन वस्तू आशीर्वादाशिवाय वापरायची आपली रीत नाही. पप्पांनी शिलाई मशीनवरसुद्धा पवित्र पाणी शिंपडून घेतलं होतं. म्हणून मी रविवारी फादर व्हॅलेरियनना बोलावलं. त्यांनी झगा घालून प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं, आणि नेमकी त्याच वेळी सकाळची बस फाटकासमोरून गेली.

आता तूच विचार कर. रस्त्याच्या कडेला निळी, काचेची पेटी, समोर फादर, पाच बायका मान खाली घालून उभ्या. आपल्या मुलखात रस्त्याकडेला काचेच्या पेटीत कोण असतं? मंगळवारी सकाळी मी ट्रे बाहेर काढायला गेले तर पेटीखाली सहा मेणबत्त्या आणि काचेवर मल्लिगेचा गजरा. मंगळवार सांत आंतोनचा ना, हरवलेलं शोधून देणाऱ्याचा! आत संत नव्हता, पापड होते. त्यावर लोकांनी ठरवलं की मूर्ती अजून यायची आहे. जलजक्काला तरी खरं माहीत होतं, तिनेच ट्रे लावले होते. पण तिनेही हात जोडून हरवलेल्या कानातल्या कुड्यासाठी नवस बोलून टाकला, आणि दुपारी तो कुडा पिठाच्या डब्यात सापडला.

मी म्हटलं, "अगो जलजक्का, तो ड्रायर आहे!"

"असू दे की," ती म्हणाली. "ड्रायरला कुडा सापडला तर ड्रायरला गजरा."

पुढच्या मंगळवारी बस थांबायलाच लागली. कंडक्टर खिडकीतून हात जोडायचा आणि उतारू हवेच्या भोकांतून नाणी आत टाकायचे. काही पापडांवर नाण्यांचे छापसुद्धा उमटले. मी पुठ्ठ्यावर कन्नडमध्ये लिहून लावलं, "ही अन्न वाळवायची पेटी आहे." लोक ते वाचत, मान डोलवत आणि मेणबत्ती लावत. मी फादरना सांगितलं, तर ते म्हणाले, "एमिलियाना, लोक प्रार्थना करतायत हे थांबवायला तू मला बोलावतेयस? तीस वर्षांत असं बोलावणं पहिल्यांदाच आलं."

अशा वेळी साहेब आले. बसलिंगप्पा नाव, विजापूरकडचे, गळ्यात इष्टलिंग, हातात तापमापक. आणि आभाळ असं भरलेलं की विहिरीचा काठही दिसेना. त्यांनी तापमापक आत घातला, बाहेर काढला, पुसला, परत घातला. चोपन्न अंश! "ढगाळ हवेत?" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी भरभरून लिहिलं. आमच्या गावाकडे उन्हाळाभर ऊन असून एवढं तापत नाही, असं ते कौतुकाने म्हणेपर्यंत मोंतीन गप्प होती, यासाठी तिला स्वर्गात जागा मिळेल. मग साहेबांची पेन्सिल खाली पडली. ती घ्यायला ते वाकले, आणि वाकूनच राहिले. पेटीखाली चोवीस मेणबत्त्या जळत होत्या.

"अम्मा," ते उठून म्हणाले, "ही पेटी सूर्यावर चालते की सांत आंतोनवर?"

कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "ऊन असेल त्या दिवशी सूर्यावर."

माणूस हसला, बाय! पोट धरून हसला. वहीतलं पान फाडलं, मेणबत्त्या विझवायला लावल्या, दोन तास आमच्याकडे थांबला, तीन पापड तळून खाल्ले, आणि ऊन पडल्यावर तापमान परत मोजलं. पेटी पास झाली. मात्र पूजेची जागा आणि सरकारी यंत्र एक असू शकत नाही, म्हणून संताची सोय वेगळी करा, असं सांगितलं. ती मी केली. मायीच्या कपाटातला नाक तुटलेला आंतोन (नाक आपण दोघींनी तोडलं, चेंडू माझा, फटका तुझा) फाटकाच्या खांबावर कोनाडा करून ठेवला. आता मेणबत्त्या तिकडे जातात, पापड इकडे वाळतात, आणि कंडक्टर दोन्हीकडे हात जोडतो, न जाणो म्हणून.

पण त्या दिवशी जाताना साहेबांनी जमिनीचा उतारा मागितला. तो वाचून म्हणाले, "क्लोटिल्डा कोण?"

इथे पान संपलं. प्रकृतीला जप. लिगोरीभावोजींना नमस्कार.

तुझी,
एमी

ता. क. क्लोटिल्डा माझी बहीण, असं मी सांगितलं. तिची संमती आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहेच. म्हणजे कॉन्व्हेंटची शिकवण जेमतेम दोन तास पुरली. पप्पांनी तो तुकडा तुझ्या नावावर केल्याचं कळलं तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, ते गेल्यावरच्या महिन्याच्या मिस्साच्या दिवशी, सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हटलं होतं की वर्षाला चार दिवस येणाऱ्यांना जमीन कशाला. तू ताट तसंच ठेवून उठलीस. आणि आज माझी पेटी, माझा आंतोन, माझ्या पाच जणींचा पावसाळा, सगळं तुझ्याच जमिनीवर उभं आहे, तुला न विचारता. सोबतच्या कागदावर खालच्या रेघेवर तुझी सही हवी. वीस तारखेच्या आत.

ता. क. २. सही नाही केलीस तरी सोबतचं पार्सल ठेवून घे. ते संमतीसाठी नाही. त्याआधीच बांधलं होतं.

ता. क. ३. पार्सलची वाटणी अशी. मोठं पुडकं लिगोरीभावोजींचं, मीठ कमी घातलंय. लाल दोऱ्याचं तुमच्या शेजारणीला, ती गुडघ्याला तेल लावून देते असं ऐकलं. नाण्याचा छाप असलेले दोन पापड तुझ्या नातवाला दाखवायला, पण ते खायचे नाहीत. गजऱ्याची सुकलेली फुलं जलजक्काने तुझ्यासाठी दिलीत, चिंचा संपल्या म्हणून. आणि सगळ्यांत खाली वर्तमानपत्रात बांधलेले पापड आहेत, त्यावर कुणाचं नाव नाही. ते कुणाला देऊ नकोस, वाटू नकोस. मोजून बघ, अकरा आहेत. तेव्हा कावळे आलेच नव्हते, बाय.