शौगीसाठी फातिहा

३ जून, ओमदुरमान

पोचलो एकदाचा! यादवी युद्धात घर सोडलं, त्यानंतर दोन वर्षांनी. गल्लीत कुणी भेटलं की आधी दोन्ही तळवे वर धरून त्याच्या घरातल्या गेलेल्यासाठी फातिहा पढायची, मग ख्यालीखुशाली. आज सात दारं झाली. माझ्या वर्गातल्या शौगीचं राहिलं. तिथे पढायची नाही. त्याचा भाऊ सिद्दीग पोर्ट सुदानहून फोनवर बजावतोय — "आईला वाटतं तो कैदेत आहे. वाटू दे. तिला झेपणार नाही."

शौगीला शाळेच्या आवारात पुरलं ते मी आणि वर्गातल्या दोघांनी. बाहेर आपल्याच लोकांच्या गोळ्या चालल्या होत्या. पुढे ते दोघंही गेले.

५ जून

शाळेत जाऊन आलो. छप्पर नाही, फळा मात्र शाबूत. मधल्या सुट्टीत एकच परात असायची — शिजवलेले पावटे, तिळाचं तेल, चुरलेला पाव, वर थोडं चीज. भोवती आम्ही सात जण. शौगी सगळं चीज हळूच आपल्या बाजूला ओढायचा आणि वर स्वतःच ओरडायचा, "चोर कोण आहे रे?" मग त्याला धपाटे. काय भूक लागायची तेव्हा!

आज टपरीवर एकट्यापुरती वाटी मागितली. अर्धी टाकली.

७ जून

शौगीच्या आईकडे जायला निघालो. कोपऱ्यावरून परतलो. भित्रा!

८ जून

गेलो. शौगीची आई, बतूलमावशी, खाटेवर बसून वाळवणाची भेंडी चिरत होत्या. "मुदस्सिर! किती वाळलास रे."

आणि माझे तळवे वर गेले. सवयीनं. मूर्ख मी!

"कुणासाठी?"

"काकांसाठी." शौगीच्या वडिलांचं नाव पुढे केलं.

"काकांसाठी तू गेल्या वर्षी फोनवर पढलास."

मला रडू आवरेना. त्यांनी सुरी खाली ठेवली. "नीट पुरलं ना माझ्या लेकराला?"

"हो मावशी. मक्केकडे तोंड करून. मी स्वतः."

"मला कळलंच होतं. आईला कळतं." मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "सिद्दीगला बोलू नकोस हं. त्याला वाटतं भाऊ कैदेत आहे. तिकडे एकटा आहे पोरगा, त्याला झेपणार नाही."

मी शब्द दिला. सिद्दीगलाही दिलाच होता.

९ जून

दोन्ही शब्द मोडले. सिद्दीगला फोन लावून मावशींच्या हातात दिला. दारात दुखवट्याची सतरंजी अंथरली आहे. शौगी आज गेला.